गोकाक रोड ते रायबाग, मावळतीची बाजू

मित्रांनो, जिच्याबाहेर बघण्यासारखे काहीच नाही अशी एक जुनी खिडकी मी आहे. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यातली, बिनकाचेची, नुसत्या सागवानी फळीची. फळीची झडप वर सरकवली की मी उघडी, खाली सोडली की बंद. माझे यंत्र एवढेच. राजेरजवाड्यांच्या खिडक्यांना पडदे असतात, जाळी असते. मला एक लोखंडी खिटी होती, झडप वर अडकवून ठेवायला.

मला एकोणीसशे चार साली हुबळीला यल्लाप्पा मिस्त्रींनी घडवले. दांडेलीच्या रानातला साग, त्यामुळे अंगात नाही म्हटले तरी थोडा तोरा होता. माझ्या झडपेला मेण चोळताना मिस्त्री सोबतीच्या सुताराला म्हणाले होते, "लई घट्ट नको बसवूस. गाडीत म्हातारी माणसं बसत्यात, त्यांच्यानं वडवायला पायजे." सुतार म्हणाला, "म्हाताऱ्यांस्नी काय बघायचं असतंय, मिस्त्री?" त्यावर मिस्त्री नुसते हसले.

पहिली काही वर्षे माझा डबा लोंढ्याहून घाटाच्या वाटेने धावत होता. ती माझी कौतुकाची वर्षे. दऱ्या, धबधबे, वेत, हिरवे काळोख. मला तेव्हापासूनच मोजदादीची सवय लागली. कोण बसले, किती जणांनी बाहेर पाहिले, किती जण झोपले, हे मी मनात टिपून ठेवी. घाटात शंभरातले नव्वद बाहेर बघत. उरलेले दहा कणकुंबीकडचे असत. ते त्या रानातच जन्मलेले; इतके हिरवे त्यांना रोजचेच, म्हणून ते खुशाल घोरत. आणि कोरड्या मुलखातली माणसे तोंडात दशमी धरून "काय शोभा, काय शोभा" करीत. गाडी बोगद्यात शिरली, बाहेर नुसता काळोख झाला, तरी काही जणांचे "काय शोभा" थांबत नसे. तेव्हा मला कळले की माणसे दृश्य बघत नाहीत, दृश्याची कीर्ती बघतात.

पुढे माझी बदली झाली. बेळगाव ते मिरज. आता मित्रांनो, खिडकीतून सर्वांत नीरस देखावा कुठल्या प्रवासात दिसतो, असे मला कुणी विचारले, तर मी अनुभवाने सांगेन. गदगकडची कापसाची रानेही उन्हाळ्यात रुक्ष असतात, पण तिथे एखादे हरीण तरी उड्या मारते. पाच्छापूरचे माळ खडकाळ खरे, पण खडकांना निदान आकार असतात. कुणी त्यात हत्ती बघतो, कुणी आपला सासरा. पहिला नंबर मात्र गोकाक रोड ते रायबाग या पट्ट्याचा, आणि त्यातही मावळतीच्या बाजूचा. काळी सपाट जमीन. वैशाखात तिला भेगा. झाड नाही, टेकडी नाही, देऊळ नाही. एक बाभूळ होती, ती कुणीतरी जळणाला नेली. उगवतीच्या बाजूला निदान गाडीवाट होती, एक विहीर होती, स्टेशनेही सगळी त्याच बाजूला. त्यामुळे सारे तिकडे बसत आणि माझ्याकडे पाठ करीत.

एका महिन्यात अकरा जणांनी माझ्यातून तोंड बाहेर काढले. त्यातले नऊ तंबाखू थुंकायला.

मग जे होते तेच झाले. आमच्या बाजूचे दार शिरस्त्याप्रमाणे बाहेरून कुलुपात असे. माझ्या दोन्ही शेजारणींच्या झडपा फुटल्या, त्यांवर कुणी फळ्या ठोकून दिल्या. नव्या झडपांची कुणाला गरज वाटली नाही. राहिले मी. एके वर्षी रंगारी आला. त्याचा जोडीदार म्हणाला, "वर कर की ती झडप, मग लाव रंग." रंगारी म्हणाला, "ह्या बाजूनं उघडून कोण काय बघणार हाय?" आणि झडप खाली असतानाच त्याने झडप आणि चौकट एकाच हाताने रंगवून टाकली. पुढच्या साली दुसरा हात दिला. रंग सांध्यात उतरला, वाळला, खिटी गंजली आणि मी मिटले ती मिटलेच. बंद खिडकीला आतले मात्र सगळे दिसते. म्हणून पुढचे सांगू शकते.

एकोणीसशे अकरा सालचा वैशाख. सकाळी सहाच्या गाडीला बेळगावात तिघे जण डब्यात चढले. निपाणीचे आप्पाण्णा, तंबाखूचे व्यापारी, कोटाच्या खिशात साखळीचे घड्याळ. त्यांची बायको तारामती, हातात वाटीने झाकलेला पाण्याचा तांब्या आणि पाणी गाळायच्या पांढऱ्या कापडाची घडी. आणि आप्पाण्णांची आई लक्ष्मीबाई, सत्तरीच्या, वाळल्या शेंगेसारख्या हलक्या. बेळगावात लेकीकडे राहून ती मंडळी परत निघाली होती. माझ्या बाजूच्या बाकावर कुणी बसत नसल्यामुळे तो म्हातारीला आडवे व्हायला मिळाला.

त्यांच्यामागून काकतीच्या नागुबाई आल्या. धिप्पाड बाई, काखेत फडक्यात बांधलेला नवा वरवंटा. रायबागला लेक नांदत होती, तिच्याकडचा वरवंटा झिजला होता.

नागुबाई बसता बसताच म्हणाल्या, "ही खिडकी उघडत न्हाय व्हय?"

"उघडून काय बघणार, मावशी?" आप्पाण्णा म्हणाले. "तिकडं काय हाय?"

मला बोलता आले असते तर मी तेव्हा आप्पाण्णांचीच री ओढली असती. खरेच, काय होते?

लक्ष्मीबाईंची आदल्या दिवशी चतुर्दशी झाली होती. जैनांच्या घरातली मुरलेली बाई. चतुर्दशीला अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही नाही. दुसऱ्या दिवशी बस्तीत जाऊन देवाचे दर्शन घ्यायचे आणि मगच पारणे करायचे, हा तिचा नेम. त्यांच्याकडे देवळाला बस्ती म्हणतात. आणि दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायचे नाही, पाणीसुद्धा नाही, हा तर त्या घरातल्या सगळ्यांचाच नेम. "मी बेळगावच्याच बस्तीत जाऊन आलो असतो," असे म्हातारी म्हणत होती. त्या भागात बायकाही अशा बोलतात. पण बस्ती उघडायच्या आत गाडी होती.

"अव्वा, धा वाजता आपण चिकोडी रोडला," आप्पाण्णा म्हणाले. "पावण्यांच्या दारातच बस्ती. दर्शन, पारणं, सगळं अकराच्या आत. माणसानं हिशोबानं चालावं."

"तुझ्या हिशोबात माझं पोट हाय न्हवं? मग झालं," लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि आडव्या झाल्या.

गाडी सुटण्याआधी आप्पाण्णांनी समोरच्या खिडकीतून स्टेशनच्या घड्याळाकडे पाहिले आणि आपले घड्याळ काढले. "ह्यांचं अर्ध्या तासानं फुडं हाय."

"मग तुमचं चुकलं असंल," तारामती म्हणाली.

"माझं न्हाय चुकत. माझं निपाणीच्या मध्यान्हीला लावलेलं. पण गाडी ह्यांच्या वेळंवर पळती, तवा आजच्या दिवस ह्यांचंच खरं." आणि त्यांनी मोठ्या ऐटीत काटे फिरवले, अर्ध्या तासाने पुढे.

मित्रांनो, त्या दिवसांत असेच होते. स्टेशनची वेळ सरकारी, साऱ्या देशाला एक. गावची वेळ गावच्या सूर्याची. आप्पाण्णांच्या दुसऱ्या खिशात पंचांग होते आणि ते गावच्या सूर्याने चालणारे. एका माणसाच्या दोन खिशांत दोन वेळा. चांगल्या चांगल्या हुशार माणसांची अशी गफलत होत असे, आणि ती हुशार माणसांचीच होई. ज्यांच्याकडे घड्याळ नव्हते ते सुखी होते.

गोकाक रोड सोडून गाडी थोडी पुढे आली आणि उभी राहिली. नऊ वाजले असतील. पुढे मालगाडीचा एक डबा रुळावरून उतरला होता. "तासाभरात सुटंल," असे कुणीतरी सांगून गेले. एक तास झाला. दोन झाले. लोक उतरून विहिरीवर गेले, पाणी पिऊन आले, डब्याच्या सावलीत बसले. दुसरी सावली त्या मुलखात नव्हतीच. दुपारपर्यंत आप्पाण्णांनी घड्याळ एकतीस वेळा उघडले, हे मी मोजले आहे. घड्याळ उघडल्याने गाडी चालत नाही, हे त्यांना माहीत असावे. पण हाताला दुसरे काम नव्हते.

बाराच्या सुमाराला माझ्या फळीचा चटका आत लागू लागला. लक्ष्मीबाईंच्या कपाळावर सकाळी घाम होता. आता तो नव्हता. नागुबाईंनी विहिरीवरून मडके भरून आणले होते.

"आक्का, घोटभर घ्या."

म्हातारीने मान हलवली.

"माझ्या हातचं नको तर सुनेच्या हातचं घ्या. त्यांच्याजवळ तांब्या हाय की."

"दर्शन व्हायचंय, बाई," तारामती हळूच म्हणाली.

"देवाला कळत न्हाय व्हय गाडी अडकलीया?"

"देवाला कळतंय," लक्ष्मीबाई डोळे मिटून म्हणाल्या. "मीच अजून विचारलं न्हाय त्याला."

तीन वाजता त्यांनी सुनेच्या हाकेला ओ द्यायचे सोडले. नुसते बोट हलवीत. तारामतीने पदराचे टोक ओले करून त्यांच्या पायांना लावले. ओठांना लावायला गेली तेव्हा म्हातारीने तोंड फिरवले. आप्पाण्णा डब्यातून खाली उतरत, रुळांकडे बघत, परत वर चढत. एकदा ते मान खाली घालून म्हणाले, "बेळगावात अर्धा तास थांबलो असतो तर…" नागुबाईंच्या जिभेवर काहीतरी आले होते ते त्यांनी गिळले. तेवढे एकच वाक्य त्या बाईने आयुष्यात गिळले असेल.

पाचनंतर उगवतीकडून वळवाचा ढग उठला. पाऊस नाही, नुसती वावटळ. काळ्या मातीचा असा लोट आला की लोकांनी पळत येऊन समोरच्या सगळ्या झडपा खाली ओढल्या. ढग डोक्यावर पसरला. आमचा डबा एखाद्या कणगीसारखा अंधारा झाला. समोर झडपा बंद, इकडे फळ्या ठोकलेल्या आणि मी रंगाने चिकटलेली. दिवस आहे की गेला, कुणाला कळायला मार्ग राहिला नाही.

तेवढ्यात गाडीला धक्का बसला. चाके हलली. रूळ नुकताच नीट केलेला, म्हणून गाडी बैलगाडीच्या चालीने जात होती. चिकोडी रोड अजून अर्ध्या तासावर होते.

तारामतीने सासूचा हात धरला. "आत्ती, आता बस्तीपातूर न्हाय व्हायचं. नुसतं पाणी घ्या. दर्शन सकाळी करू. पाया पडतो तुमच्या." तिचा आवाज फुटत होता. "रातभर कसं निभायचं?"

मग लक्ष्मीबाईंनी डोळे उघडले. जीभ जड झाली होती, शब्द तुटत होते. "बरं. नुसतं पाणी. देव हितनंच बघतो मी." तारामती तांब्याकडे वळली. तशी म्हातारी पुढे म्हणाली, "दिवस हाय न्हवं?"

आप्पाण्णांनी घड्याळ उघडले. काडी ओढली. सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे. दुसऱ्या खिशातून पंचांग काढले. सूर्यास्त सहा अठ्ठावीस. तारामती नवऱ्याकडे बघत होती. एक शब्द खोटा बोला, असे तिचे डोळे म्हणत होते. काडी बोटापर्यंत जळत आली. त्या माणसाने तंबाखूच्या बाजारात किती वेळा खोटे सांगितले असेल, त्याची मोजदाद माझ्याकडे नाही. पण आईच्या नेमात खोटे घालणे त्याला जमले नाही.

"न्हाय, अव्वा," ते म्हणाले. "वीस मिनटं झाली मावळून."

म्हातारीने ओठ मिटले. राग नाही, रडणे नाही. दुकान बंद करावे तसे मिटले. आता उद्या सकाळी उजाडेपर्यंत ते उघडणार नव्हते, हे डब्यात सगळ्यांना कळले. आणि सकाळपर्यंत ती बाई बहुधा राहणार नाही, हेही कळले. तारामतीच्या हातात गाळायच्या कापडाची घडी तशीच राहिली.

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळे माहीत होते. माझी एक बाजू आत होती आणि एक बाहेर. आतल्या बाजूने मला ते वीस मिनिटांचे गणित ऐकू येत होते आणि बाहेरच्या बाजूला ऊन लागत होते. ढग डोक्यावर होता, पण मावळतीच्या कडेला तो जमिनीपासून हातभर वर संपत होता, आणि त्या हातभर उघड्या जागेत सूर्य नुकताच उतरला होता. स्टेशनच्या घड्याळातून अर्धा तास काढायचा असतो, हे सांगायला मला तोंड नव्हते. मला एकच गोष्ट करता येत होती, उघडणे, आणि तीच मला जमत नव्हती.

माझ्या फळीला एक चीर होती, केसासारखी. तिच्यातून एक तांबडी रेघ आत आली आणि लक्ष्मीबाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर पडली.

नागुबाईंनी ती पाहिली. "ही रेघ कसली?"

"इंजनाचा जाळ असंल," आप्पाण्णा म्हणाले.

"इंजन फुडं हाय. ही आडवी आल्या." त्या उठल्या. "दिवसाची रेघ हाय ही."

"मावशी, मावळून वीस मिनटं झाली. घड्याळ सांगतंय, पंचांग सांगतंय."

"आन दिवस काय सांगूलालाय ते कुणी इचारलंय का?" नागुबाईंनी माझ्या झडपेखाली बोटे घातली. बोटे आत जाईनात. "उघडत कशी न्हाय ही रांड."

शिवी मला लागली नाही. मी त्याहून वाईट शब्दाला पात्र होते.

आप्पाण्णांनी तळव्याने रेटा दिला. मी हलले नाही. खांदा लावला. मी हलले नाही. दोन वर्षांचा रंग, दोन हात, वर उन्हाने वाकडी झालेली फळी. चिरेतली रेघ लुगड्यावरून वर सरकत होती, म्हणजे सूर्य खाली जात होता. तारामतीने दाताने ओढून आपल्या हातातली बांगडी काढली आणि तिच्या कडेने सांध्यातला रंग खरवडायला लागली. काच फुटली, बोटातून रक्त आले, तिने दुसरी काढली.

"सरका," नागुबाई म्हणाल्या आणि फडके सोडून वरवंटा बाहेर काढला.

पहिला घाव चौकटीवर बसला. दुसरा खिटीवर. तिसऱ्याला रंगाचा एक पापुद्रा उडाला. "लेकीचा वरवंटा फुटंल, मावशी," आप्पाण्णा म्हणाले. "फुटला तर तुमी द्या दुसरा. हाणा तुमी खालनं." आप्पाण्णांनी पायातला जोडा काढला आणि व्यापारीपणा विसरून टाचेने खालून हाणू लागले. चार, पाच, सहा. माझ्या फळीत आडवी भेग गेली. मला दुखले का? हो, दुखले. पण मी तर मनात म्हणत होते, आणखी हाणा. आठव्या घावाला करकर आवाज झाला आणि मी चार बोटे वर गेले. त्याहून जास्त नाही.

चार बोटांची फट. तिच्यातून उजेड आत घुसला तो थेट समोरच्या भिंतीपर्यंत.

बाहेर तेच होते, जे नेहमी होते. काळी सपाट जमीन. झाड नाही, टेकडी नाही, देऊळ नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की तिथे काय नव्हते. सूर्याच्या आड येईल असे काही नव्हते. घाटात असते तर तासापूर्वीच तो डोंगरामागे गेला असता आणि सगळे "काय शोभा" म्हणाले असते. इथे तो जमिनीच्या अगदी कडेला टेकला होता, ताटाएवढा, अजून सगळाच्या सगळा.

आप्पाण्णांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिले, मग बाहेर पाहिले.

"आत्तींस्नी दावा," तारामती ओरडली. त्यांनी म्हातारीला खांद्याखाली धरून उचलले आणि तिचा चेहरा फटीशी आणला. लक्ष्मीबाईंनी डोळे बारीक केले. ऊन त्यांच्या सुरकुत्यांत शिरले. "हाय," त्या म्हणाल्या. "गाळ, तारा."

आता तुम्हाला वाटेल, संपले. नाही. सकाळी गाळलेले पाणी आता चालत नाही. पिण्याआधी पुन्हा गाळायचे, पाण्यातला बारीक जीव पोटात जाऊ नये म्हणून. कापडाची दुहेरी घडी, वाटीवर ताणलेली, आणि धार बारीक. गाडीच्या हिसक्याने धार कापडाबाहेर जाई. नागुबाईंनी दोन्ही हातांनी वाटी धरली. सूर्याची खालची कड जमिनीत गेली. वाटी भरली. तारामतीने ती सासूच्या तोंडाशी नेली, तर म्हातारीने हात वर करून थांबवले आणि णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली.

"किती म्हणत्यात?" नागुबाईंनी विचारले.

"नऊ येळा," आप्पाण्णा म्हणाले.

"आक्का, देव कुटं पळून जात न्हाय. दिवस पळूलालाय."

लक्ष्मीबाईंनी नागुबाईंकडे बघितलेसुद्धा नाही. ओठ हलत होते, बोटाच्या पेरांवर अंगठा सरकत होता. पाच. सूर्य अर्धा. गाडीने वळण घेतले तर फटीतून तो निसटला असता. पण त्या मुलखात वळणही नाही. सात. फक्त वरची कड राहिली. आठ. तारामतीने डोळे मिटून घेतले. नऊ.

म्हातारी प्यायली. पहिला घोट गळ्यात अडकला, ठसका लागला, दुसरा गेला, तिसरा गेला. वाटी अर्धी झाली. सगळ्यांच्या नजरा तिच्या गळ्यावर, तिची नजर फटीबाहेर. एकाएकी तिने वाटी ओठांपासून दूर केली.

"बास. गेला."

मी बाहेर पाहिले. खरेच, गेला होता. जमिनीवर नुसती लाल रेघ होती. वाटीत निम्मे पाणी शिल्लक होते आणि दोन दिवसांची तहानलेली ती बाई त्याकडे बघायलाही तयार नव्हती. पण तिच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला होता. तारामतीने तो बोटाने टिपला आणि मग ती रडली.

थोड्या वेळाने नागुबाई आप्पाण्णांना म्हणाल्या, "अण्णा, तुमचं घड्याळ लई शाणं हाय. दिवसाच्या आधी झोपतंय."

सकाळी काटे कसे फिरवले ते आप्पाण्णांना आठवले असावे, कारण त्यांनी घड्याळ काढले आणि काळोखातच चाचपून काटे मागे फिरवले, अर्ध्या तासाने. म्हणजे त्यांच्या खिशात पुन्हा निपाणी वाजू लागली.

चिकोडी रोडला म्हातारीला झोळीत घालून उतरवले. ती वाचली. दुसऱ्या दिवशी बस्तीत जाऊन तिने पारणे केले. हे मला आठ दिवसांनी कळले. नागुबाई रायबागहून परत निघाल्या होत्या, वाटेत चिकोडी रोडला त्यांनी चौकशी केली होती आणि साऱ्या डब्याला ही हकीकत ऐकवत होत्या. त्यांच्या सांगण्यात आठ घावांचे वीस झाले होते आणि आप्पाण्णांचा जोडा नाहीसा झाला होता. वरवंटा फुटला नव्हता, पण एक टवका गेला होता. लेक म्हणे तो बदलून घ्यायला तयार नाही.

आप्पाण्णांनी एक अर्ज लिहून स्टेशनात दिला. सहा महिन्यांनी एक सुतार आला, रंग खरवडला, खिटी बदलली, मेण चोळले. भेगेवर पट्टी मारली, ती अजून आहे. निपाणी-चिकोडीकडे ती गोष्ट घरोघर गेली असावी. कारण त्यानंतर तिकडची जाणती माणसे डब्यात आली की थेट मावळतीची बाजू धरत, आणि बसण्याआधी झडप वर-खाली करून बघत. एका महिन्यात एकशे बारा जण. शेजारचे त्यांना हसत. "काय बघूलालाय तिकडं?" ते म्हणत, "काय न्हाय. दिवस किती राहिलाय ते."

पुढे दुसरी लढाई आली, गर्दी वाढली, डबे म्हातारे झाले. माझा डबा मोडीत निघाला. आज, सत्तेचाळीस साली, मी पाच्छापूरजवळ फाटकवाल्याच्या खोलीच्या भिंतीत बसवलेली आहे. समोर दगडी गडगा, त्यापलीकडे काही दिसत नाही. नीरस देखाव्यांच्या माझ्या यादीत गोकाक रोडचा नंबर आता दुसरा झाला आहे. फाटकवाला बरा माणूस आहे. आठवड्याला एक तेलाचे बोट माझ्या सांध्यात फिरवतो. का फिरवतोस, असे त्याला कुणी विचारलेले नाही, आणि त्यालाही कारण ठाऊक नसेल.

मित्रांनो, मला तुमच्याकडून कौतुक नको. ते घाटातल्या खिडक्यांना द्या. त्यांना सवय आहे. माझे मागणे लहान आहे. गाडीत चढलात आणि बाहेर बघण्यासारखे काही नसले, तरी बसण्याआधी झडप एकदा वर करून बघा. अडली तर लगेच कुणाला तरी सांगा, उद्यावर टाकू नका. तुम्हाला बाहेर काही बघायचे नसेल. पण समोरच्या बाकावर कुणाचे तरी तोंड कोरडे पडलेले असेल, आणि दिवस थोडाच उरला असेल.